न लावलेला पासवर्ड: सुरू होतानाच अडलेल्या एका संगणकाचं प्रकरण

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीचं, विंडोज ७ घरोघरी चालू होतं तेव्हाचं. ज्यांच्या संगणकाचं आहे त्यांची परवानगी घेऊन लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

संगणक एका निवृत्त शिक्षकांचा. आपण त्यांना सर म्हणू, मीही तेच म्हणतो. डेस्कटॉप, सात-आठ वर्षं जुना, वापरणारा माणूस एकच. सर त्यावर तीन कामं करत: मेल बघायचे, फोटो साठवायचे आणि व्याकरणाच्या सराव-पुस्तिकेचं लेखन करायचे. हे लेखन गेली चार वर्षं चालू होतं. पुस्तिका युनिकोडच्या (सगळ्या मशिनवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ज्यांनी असे फॉन्ट वापरले आहेत त्यांना माहीत आहे की फॉन्ट नसलेल्या मशिनवर ती फाइल उघडली तर पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. टाइप करण्याचा प्रोग्राम त्या एका संगणकालाच बांधलेला होता आणि त्याची सीडी केव्हाच हरवली होती. बॅकअप म्हणून एक पेन ड्राइव्ह होता. त्यातली शेवटची प्रत पाच महिन्यांपूर्वीची.

एका गुरुवारी संध्याकाळी सर काहीतरी शोधत असताना ब्राउझर पूर्ण स्क्रीनभर पसरला, भोंगा वाजायला लागला आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असा मजकूर आला. सरांनी फोन केला. खरी विंडोजची सूचना फोन नंबर कधीच देत नाही, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. त्याने एक दूरनियंत्रणाचा प्रोग्राम उतरवायला लावला, मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून लाल फुल्यांची यादी दाखवली. ती यादी कुठल्याही धडधाकट संगणकावर असतेच. प्रिंटर वेळेवर जागा झाला नाही तरी तिथे लाल फुली पडते. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते एक्स-रेवरच्या डागासारखं वाटतं.

चाळीसेक मिनिटांनी पैशांचा विषय निघाला. गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि त्यांवरचे क्रमांक फोनवर वाचून दाखवा. इथे सरांना शंका आली. ‘पावती मिळेल का?’ असं त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं शाळेची दप्तरं सांभाळलेल्या माणसाचा हा प्रश्न. त्यावर पलीकडचा आवाज चढला. सर ‘नको’ म्हणाले. पुढच्या अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर दोन-तीन छोट्या चौकटी उघडल्या, मिटल्या आणि संगणक आपोआप रीस्टार्ट झाला.

अडचण

पुन्हा सुरू होताना विंडोजचं चिन्ह आलं आणि नेहमीचा लॉगिनचा पडदा यायच्या आधीच मधोमध एक करडी, जुनाट दिसणारी चौकट आली. शीर्षक ‘स्टार्टअप पासवर्ड’. हा संगणक सुरू होण्यासाठी पासवर्ड लागेल अशी सेटिंग आहे, खाली पासवर्ड द्या, एवढाच मजकूर. सरांनी आपला लॉगिनचा पासवर्ड टाकला. चुकीचा. मग मेलचा टाकला. तोही चुकीचा.

दहा मिनिटांनी फोन वाजला. तोच माणूस. पैसे द्या, पासवर्ड देतो.

सरांनी फोन ठेवला आणि पुतण्याला बोलावलं. पुतण्या हुशार, पण धीर कमी. त्याने कुठेतरी वाचलं होतं की सुरू होतानाचा पासवर्ड बायोसमध्ये (विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतो आणि मदरबोर्डवरचा बटण-सेल काढला की जातो. शुक्रवारी त्याने सेल काढला, पाच मिनिटांनी परत बसवला, संगणक चालू केला आणि सरांना सांगितलं, ‘काका, ती चौकट गेली!’

चौकट गेली होती हे खरं. तिच्या जागी क्षणभर निळा पडदा दिसून संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होता.

शनिवारी सकाळी मशीन माझ्याकडे आलं ते या अवस्थेत. म्हणजे अडचणी आता दोन होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हे कळायला मला अर्धा तास लागला.

आधी ओळख: हा पासवर्ड नेमका कोण मागतंय?

अशा प्रकरणात पासवर्ड काय असेल हा प्रश्न पहिला नसतो. संगणक सुरू होताना चार-पाच वेगवेगळे थर पासवर्ड मागू शकतात, आणि एका थराचा उपाय दुसऱ्यावर चालवला की नुकसान होतं. पुतण्याच्या हातून झालं ते नेमकं हेच.

बायोसचा पासवर्ड विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधी, बहुधा काळ्या पडद्यावर किंवा बनवणाऱ्या कंपनीच्या पडद्यावर मागितला जातो. डेस्कटॉपवर तो सेल काढून किंवा जंपर (मदरबोर्डवरची छोटी पिन-जोडणी) बदलून बऱ्याचदा जातो, पण अनेक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून काही होत नाही. हार्ड डिस्कचा स्वतःचा पासवर्ड ही आणखी वेगळी गोष्ट, तो डिस्कबरोबरच राहतो. बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोजचा लॉगिन पासवर्ड सगळ्यात शेवटी, वापरणाऱ्याच्या नावाखाली.

सरांच्या चौकटीचं पुतण्याने मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवलं होतं. (त्या दोन दिवसांत त्याने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच.) विंडोजच्या चिन्हानंतर, लॉगिनच्या आधी, करड्या चौकटीत ‘स्टार्टअप पासवर्ड’ म्हणजे सिस्की. दुसरं काही असण्याची शक्यता नव्हती.

सिस्कीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. विंडोज एनटी ४.० च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर १९९७ साली ही सोय आली. वापरणाऱ्यांच्या पासवर्डच्या हॅश (पासवर्डपासून काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या खुणा) विंडोज सॅम नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल कुणी चोरून नेली तरी हॅश फोडता येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आणखी एक एन्क्रिप्शन (चावीशिवाय वाचता न येणारं कुलूप) चढवायचं, अशी मूळ कल्पना. त्या एन्क्रिप्शनची चावी तीन ठिकाणी ठेवता येई: संगणकातच लपवून, फ्लॉपीवर, किंवा सुरू होताना टाकायच्या पासवर्डातून. विंडोज २००० पासून पहिला प्रकार आपोआप चालू असे, म्हणून कुणाला तो जाणवत नसे. फसवणूक करणाऱ्यांनी तिसरा प्रकार हेरला. रन चौकटीत एक शब्द टाइप करायचा, दोन ठिकाणी क्लिक करायचं, स्वतःचा पासवर्ड द्यायचा. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि तेही विंडोजमध्येच असलेल्या प्रोग्रामने. अँटिव्हायरसला त्यात गैर काही दिसतच नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. सिस्की सरांच्या पुस्तिकेला, फोटोंना हातही लावत नाही. ती खात्यांची गुपितं कुलूपबंद करते, डिस्क नव्हे. आणि दुसरं म्हणजे पासवर्ड माहीत नसेल तर ते कुलूप उघडत बसण्यात अर्थ नाही, कुलूप लागायच्या आधीची दारं सापडतात का ते बघायचं.

समोर असलेले पर्याय

पैसे देणं हा पर्याय सरांनी स्वतःच बाद केला होता, तरी मी तो कागदावर मांडला. घाबरलेल्या माणसाला तो रात्री दोन वाजता पुन्हा आकर्षक वाटतो, म्हणून. पैसे दिल्यावर पासवर्ड मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाला तरी तो माणूस ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून परत संगणकात शिरणार.

अंदाज करणं. असे लोक घाईत सोपे पासवर्ड ठेवतात, त्यामुळे चार-पाच अंदाज करून पाहायला हरकत नाही. त्यापुढे वेळ घालवू नये.

सिस्टिम रिस्टोअर. हा सगळ्यात सभ्य मार्ग. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून दुरुस्तीच्या भागात जायचं आणि आधीच्या तारखेला परतायचं. रिस्टोअर पॉइंट (विंडोजने आधी जपून ठेवलेल्या अवस्था) शिल्लक असतील तर.

रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगच्या कोठाराची, जुनी प्रत. विंडोज ७ मध्ये एक नेमून दिलेलं काम साधारण दर दहा दिवसांनी, संगणक रिकामा असताना, रजिस्ट्रीच्या मुख्य फायलींची प्रत काढून ठेवायचं. सिस्टिम३२ च्या कॉन्फिग फोल्डरात रेगबॅक नावाचा फोल्डर असतो, त्यात. ती प्रत हल्ल्याच्या आधीची असेल तर खात्यांच्या फायली आणि त्यांची चावी दोन्ही जुन्या अवस्थेत परत आणता येतात.

बाहेरून सिस्की बंद करणारी साधनं. अशी आहेत, जुन्या विंडोजवर लोकांनी वापरलीही आहेत, पण ती रजिस्ट्रीत थेट खोडाखोड करतात आणि फसली तर परतीचा रस्ता राहत नाही. मी ती यादीत सगळ्यात खाली ठेवली.

आणि शेवटी, डेटा काढून घेऊन विंडोज नव्याने टाकणं. सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच मार्ग सगळ्यात चोख. एरवी मी डोळे मिटून तो घेतला असता. अडचण होती त्या टाइपिंगच्या प्रोग्रामची. फॉन्टच्या फायली उचलून दुसरीकडे नेता आल्या असत्या, पण प्रोग्राम नव्या विंडोजवर जिवंत झाला नसता आणि सरांचं चालू लेखन तिथेच थांबलं असतं.

काय केलं

*पहिला निर्णय: आणखी काही बिघडवायचं नाही.* संगणक पुन्हा पुन्हा चालू करून बघणं बंद केलं. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि विंडोजची डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. डिस्क उघडताच डॉक्युमेंट्स, फोटो, पुस्तिकेचे सगळे भाग समोर दिसले. सरांना फोन करून ‘पुस्तिका आहे’ एवढंच सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

साठ-एक जीबी मजकूर बाहेरच्या डिस्कवर घ्यायला तासाभराहून जास्त वेळ गेला. फॉन्टचा फोल्डरही घेतला. कॉपी पूर्ण झाल्यावर पुस्तिकेच्या तीन फायली आणि वीसेक फोटो उघडून पाहिले. नुसतं कॉपी झालं म्हणजे वाचता येतंच असं नाही. सरांच्या काही फायली विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनने बंद केलेल्या असत्या तर त्या बाहेरून उघडल्याच नसत्या. तशा नव्हत्या.

इथून पुढे काहीही फसलं तरी माणसाचं काम सुरक्षित होतं. दुरुस्ती करणाऱ्याचा हात इथपर्यंत थरथरायला हवा आणि इथून पुढे ती थरथर थांबायला हवी.

*दुसरा निर्णय: आधी पुतण्याची अडचण सोडवायची.* निळ्या पडद्यावरचा कोड शेवटी ७बी होता. म्हणजे विंडोजला स्वतःची बूट डिस्क सापडत नाही. सेल काढल्यामुळे बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती आणि त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून (नवी) आयडीईवर (जुनी) आली होती. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल तर ते आयडीईवर उठत नाही. बायोसमध्ये जाऊन ती एक ओळ बदलली, जतन केली, मशीन सुरू केलं. करडी चौकट परत आली.

त्या चौकटीला बघून आनंद होणारा मी बहुधा पहिलाच. पण झाला खरा. आता अडचण एकच उरली होती, आणि तिची ओळख पटलेली होती. चार-पाच सोपे अंदाज टाकून पाहिले. नाही जमलं. संगणक बंद केला.

*तिसरा निर्णय: कुठल्या वाटेने मागे जायचं.* विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून दुरुस्तीच्या भागात गेलो. सिस्टिम रिस्टोअरने सांगितलं की एकही रिस्टोअर पॉइंट नाही. सरांकडे ती सोय चालू होती, म्हणजे त्या माणसाने जाता जाता ते पुसले होते. रेगबॅक मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. फोल्डर उघडला. पाच फायली: सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टिम, डिफॉल्ट. दोन गोष्टी बघायच्या असतात, आकार आणि तारीख. आकार शून्य असेल तर प्रत नावापुरतीच आहे. इथे सॉफ्टवेअरची फाइल बऱ्याच एमबींची होती, ठीकठाक. तारीख? हल्ल्याच्या नऊ दिवस आधीची. पाचही फायलींची एकच.

थोडं थांबून सांगतो. दहा दिवसांचं चक्र धरलं तर पुढची प्रत दुसऱ्या दिवशी निघायची होती. सिस्कीचा पासवर्ड लावला तरी चौकट दिसते ती पुढच्या वेळी संगणक सुरू होताना. त्या माणसाने पासवर्ड लावून गुपचूप फोन ठेवला असता आणि संगणक दिवस-दोन दिवस चालू राहिला असता, तर रेगबॅकमध्ये कुलूपबंद फायलींचीच प्रत गेली असती आणि ही वाट कायमची बंद झाली असती. सरांना धडकी भरवायला त्याने लगेच रीस्टार्ट केलं. त्याचा राग आमच्या कामी आला.

*चौथा निर्णय: पाचही की फक्त दोन?* सिस्कीचा संबंध मुख्यतः सॅम आणि सिस्टिमशी. मग तेवढ्याच दोन बदलाव्यात आणि बाकी ताज्या ठेवाव्यात असा मोह होतो. मी तो टाळला. सिक्युरिटी फाइलमधली गुपितंही त्याच चावीवर अवलंबून असतात. दोन फायली जुन्या आणि तीन नव्या असा मेळ बसवला तर विंडोज अर्धवट उठतं आणि मग कशामुळे काय होतंय ते कळत नाही. पाचही फायली एकाच दिवसाच्या हव्यात.

कॉन्फिगमधल्या आत्ताच्या पाच फायली आधी वेगळ्या फोल्डरात हलवल्या. पुसल्या नाहीत, हलवल्या. मग रेगबॅकमधल्या पाच त्यांच्या जागी कॉपी केल्या. इथे एक जागा घसरायची आहे: दुरुस्तीच्या भागातून बघताना विंडोजचा विभाग सी असेलच असं नाही. आमच्याकडे सुरुवातीचा १०० एमबीचा राखीव विभाग सी झाला होता आणि विंडोज डी वर होतं. सवयीने सी मध्ये गेलात तर ‘असा फोल्डर नाही’ एवढंच उत्तर येतं आणि माणूस उगाच घाबरतो.

रीस्टार्ट. विंडोजचं चिन्ह. चौकट नाही. सरांच्या नावाखाली लॉगिन. त्यांना फोनवरच पासवर्ड विचारायला मला नको वाटलं, म्हणून ते स्वतः येईपर्यंत थांबलो.

उघडल्यानंतर

बहुतेक लोक इथे हात झटकतात. माझ्या मते खरं किचकट काम इथून सुरू होतं, कारण चाळीस मिनिटं एक परका माणूस या संगणकात बसलेला होता.

पहिल्यांदा घड्याळ. सेल काढल्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि ब्राउझर प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र अवैध असल्याचं सांगत होता. सर म्हणाले, ‘अजून व्हायरस आहे वाटतं.’ तारीख दुरुस्त केली, तक्रार गेली. नेट मात्र त्यानंतर लगेच काढून ठेवलं.

मग प्रोग्रामची यादी उघडली. दूरनियंत्रणाचा प्रोग्राम यादीत नव्हता. क्षणभर मलाही बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो यादीत दिसणारच नाही. यादी रजिस्ट्रीतून तयार होते आणि रजिस्ट्री आपण नऊ दिवस मागे नेली आहे. डिस्कवर मात्र त्याचा फोल्डर जसाच्या तसा होता. एवढंच नव्हे, वापरणाऱ्याची स्वतःची रजिस्ट्री फाइल रेगबॅकमध्ये नसते, ती सरांच्या फोल्डरात असते आणि ती आपण बदललेलीच नव्हती. लॉगिन झालं की आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींमध्ये त्या प्रोग्रामची नोंद तिथे बसलेली होती. म्हणजे मी ‘स्वच्छ’ म्हणून परत दिला असता तर हा संगणक नेट जोडताच त्या माणसाला हाक मारायला मोकळा झाला असता.

नोंद काढली, फोल्डर काढला, नेमून दिलेल्या कामांची यादी आणि वापरणाऱ्यांची खाती तपासली, दोन वेगवेगळ्या साधनांनी पूर्ण तपासणी केली. उलट बाजूने, सरांनी चार दिवसांपूर्वी बसवलेला नवा प्रिंटर संगणकाला अनोळखी झाला होता. तो पुन्हा बसवला.

मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला लावले. सरांनी संगणकावर बँक उघडली नव्हती, पण त्या माणसाच्या सांगण्यावरून मेल उघडली होती.

*पाचवा निर्णय: हेच विंडोज ठेवायचं का?* माझं मत होतं, नाही. एकदा परका हात लागलेल्या विंडोजवर मी स्वतः बँकेचं काम करणार नाही. सरांना लेखन थांबवायचं नव्हतं. मधला मार्ग काढला: हा संगणक नेटशिवाय, केवळ पुस्तिकेसाठी. मेल आणि बाकीचं दुसऱ्या मशीनवर. ही तडजोड मला आजही थोडी टोचते. पेन ड्राइव्ह दोन्हीकडे फिरणारच होता.

निष्पत्ती

एकही फाइल गेली नाही, पैसे गेले नाहीत. पहिल्या फोनपासून संगणक पुन्हा हातात येईपर्यंत चार दिवस. त्या माणसाचे आणखी दोन फोन आले, नंतर थांबले. पुस्तिका सात महिन्यांनी पुरी झाली. त्यानंतर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि जुनं विंडोज पुसून टाकलं. ते मला पहिल्याच आठवड्यात करायचं होतं.

आज हेच घडलं तर

हे प्रकरण वाचून कुणी आजच्या संगणकावर रेगबॅक शोधायला गेला तर निराशा होईल. मायक्रोसॉफ्टने सिस्की ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून काढून टाकली. पुढच्याच १८०३ आवृत्तीपासून रेगबॅकमध्ये आपोआप प्रत ठेवणंही बंद झालं. फोल्डर असतो, पण फायली शून्य आकाराच्या किंवा नसतातच.

आज अनपेक्षितपणे सुरुवातीलाच अडवणारा पडदा बहुधा बिटलॉकरचा असतो, आणि त्यामागे चोर असायलाच हवा असं नाही. बायोसचं अपडेट, मदरबोर्ड बदलणं, सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू न होऊ देणारी सोय) बंद करणं, टीपीएमची (चाव्या जपणाऱ्या चिपची) सेटिंग हलणं, यातलं काहीही पुरतं. अनेक नव्या मशिनवर हे एन्क्रिप्शन मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. चावी बहुतेक वेळा त्याच खात्यात जमा झालेली असते, दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून खातं उघडून बघता येते. पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची सुरुवातीची अक्षरं जुळवून योग्य ती चावी घ्यायची. नोकरीच्या ठिकाणचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे असते.

पण फरक मोठा आहे. सरांच्या वेळी डिस्क उघडी होती. बिटलॉकरमध्ये डिस्कच कुलूपबंद असते. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तिथे काही वाचता येत नाही, आणि ४८ अंक खरोखर कुठेच नसतील तर मीही काही करू शकत नाही. सरांसारखंच एक प्रकरण म्हणून माझ्याकडे अलीकडे एक लॅपटॉप आला, त्यात चावी मालकाच्या जुन्या, विसरलेल्या खात्यात निघाली. ते खातं परत मिळवायला लागलेला वेळ या सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त होता.

वेगळं काय करता आलं असतं

सरांच्या बाजूने: तो भोंगा वाजणारा पडदा म्हणजे ब्राउझरची खिडकी होती. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला असता तर विषय तिथेच संपला असता. आणि फोनवर शंका आली त्या क्षणी आधी नेटची वायर काढायला हवी होती, नकार नंतर द्यायचा. त्यांनी आधी नकार दिला आणि वायर जोडलेलीच राहिली. मधलं ते अर्धं मिनिट त्या माणसाला पुरलं.

पुतण्याच्या बाजूने: छायाचित्र काढलं तसं बायोसच्या पडद्यांचंही काढलं असतं तर माझा अर्धा तास वाचला असता. सेल काढण्याचा विचार मुळात चुकीच्या थरावरचा होता, पण बाकी कुणाला सांगण्याआधी ‘चौकट गेली’ म्हणजे काय झालं हे त्याने तपासायला हवं होतं. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘पण सगळे तेच सांगतात.’ खरं आहे. सगळे बायोसबद्दल सांगत असतात.

माझ्या बाजूने तीन चुका. पहिली, मी फायली कॉपी केल्या पण संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढली नाही. जागा नव्हती हे कारण खरं, तरी लंगडं. सरांना तक्रार द्यायची असती तर त्या माणसाच्या खुणा मूळ स्वरूपात दाखवता आल्या नसत्या, कारण रजिस्ट्री मी स्वतःच बदलली होती.

दुसरी, बँकेला कळवण्याचं काम मी सोमवारवर ढकललं. ‘बँक उघडलीच नव्हती ना?’ असं विचारून समाधान मानलं. घाबरलेल्या माणसाला चाळीस मिनिटांतलं सगळं आठवत नसतं. तो फोन शनिवारी सकाळी, स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी व्हायला हवा होता.

तिसरी, मेलचा पासवर्ड बदलला पण मेलच्या सेटिंगमध्ये डोकावलो नाही. मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम तिथे लावलेला असता तर नव्या पासवर्डने काही फरक पडला नसता. तीन दिवसांनी, दुसरं काही करताना आठवलं. सरांना फोन लावून दोघांनी मिळून तपासलं. नियम नव्हता, परत मिळवण्याचा पत्ताही बदललेला नव्हता.

हलवून ठेवलेल्या त्या पाच कुलूपबंद फायली नंतर बरेच दिवस माझ्याकडे होत्या. त्या माणसाने पासवर्ड काय ठेवला होता याची उत्सुकता होती, आणि रिकाम्या वेळी शोधता आलं असतंही. पण त्यात सरांच्या खात्याची हॅशही होती. पुस्तिका पुरी झाल्याचा फोन आला त्या दिवशी फोल्डर पुसून टाकला.